‘न’ नळाचा, ‘ण’ बाणाचा आणि यंत्राने शिकलेले कोड

फोनवरून एखादे आडनाव लिहून देताना आपण ‘न’ नळाचा की ‘ण’ बाणाचा, ‘श’ शहामृगाचा की पोटफोड्या ‘ष’, हे आवर्जून सांगतो. ऐकणाऱ्याला हवे असते एकच अक्षर, पण आपण त्याच्यासोबत एक अख्खा शब्द धाडतो, कारण खरखरीतून जाताना ‘न’ आणि ‘ण’ यांची सहज गल्लत होते, ‘नळ’ आणि ‘बाण’ यांची मात्र होत नाही. पलीकडचा माणूसही गप्प बसत नाही. त्याने जे ऐकले ते तो परत म्हणून दाखवतो आणि चुकले असेल तर आपण फक्त चुकलेला भाग पुन्हा सांगतो. या साध्या व्यवहारात दोन युक्त्या आहेत. पहिली, गरजेपेक्षा जास्त सांगून चुकीला वाव न ठेवणे. दुसरी, समोरच्याने काय ऐकले ते जाणून घेऊन पुढचे बोलणे ठरवणे. पहिल्या युक्तीवर डिजिटल संदेशवहनाचे एक संपूर्ण शास्त्र उभे आहे. दुसरी युक्ती कागदावर अतिशय प्रभावी ठरली, तरी व्यवहारात अनेक दशके हाती लागली नव्हती, आणि न्यूरल नेटवर्कने सर्वांत लक्षणीय काम केले ते नेमके तिथे.

मोबाइल, उपग्रह किंवा वाय-फाय यांतून जे जाते ते शेवटी ० आणि १ या बिटांच्या रूपात असते, आणि वाटेत मिसळणाऱ्या गोंगाटामुळे त्यांतील काही बिट उलटे होतात. समजा, दर १० बिटांमागे सरासरी १ बिट बिघडवणारा मार्ग आपल्या वाट्याला आला आहे. प्रत्येक बिट तीनदा पाठवून बहुमताने निकाल घेतला तर चुकीचे प्रमाण १० टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर येते, आणि पाचदा पाठवला तर सुमारे ०.८६ टक्क्यांवर. चूक आणखी कमी हवी असेल तर पुनरावृत्ती वाढवत जावी लागते आणि संदेशाचा वेग त्या प्रमाणात घसरत जातो. बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केले की हा सौदा इतका तोट्याचा असण्याचे कारण नाही. प्रत्येक मार्गाची एक ठरावीक क्षमता असते, आणि त्या क्षमतेच्या आत राहून माहिती पाठवली तर चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते. वरच्या उदाहरणातील मार्गाची क्षमता सुमारे ०.५३ आहे, म्हणजे संदेशाचा तुकडा पुरेसा लांब घेतला तर दर बिटामागे जेमतेम १.९ बिट खर्चून चूक जवळजवळ नाहीशी करता येते. पाच बिट खर्चूनही जे साधत नव्हते ते दोनाहूनही कमी बिटांत साधते, हे तेव्हा अनेकांना पटायला जड गेले असणार. मात्र शॅनन यांच्या सिद्धतेने असे कोड, म्हणजे संदेशाला जास्तीचे बिट जोडण्याच्या अशा रीती, अस्तित्वात आहेत एवढेच दाखवले होते. ते प्रत्यक्षात कसे रचावेत, हे काम पुढच्या पिढ्यांवर सोपवले गेले.

रचना म्हणजे काय, हे रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० सालच्या कोडवरून चांगले कळते. तेही बेल प्रयोगशाळेतच होते. शनिवार-रविवारी त्यांची गणिते यंत्रावर लावून ठेवलेली असत आणि यंत्राला चूक आढळली की ते काम तिथेच सोडून देई. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या प्रश्नातून त्यांचा कोड जन्मला. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळे काढावीत. त्यांचे एकूण सात भाग पडतात. आपल्या संदेशाचे चार बिट मधल्या चार भागांत, म्हणजे दोन किंवा तीन वर्तुळांना सामाईक असलेल्या भागांत, लिहावेत. उरलेल्या तीन बाहेरच्या भागांत असे बिट भरावेत की प्रत्येक वर्तुळातील १ची संख्या सम होईल. आता सातांपैकी कोणताही एक बिट उलटला तर तो ज्या ज्या वर्तुळात आहे त्यांची समता मोडते, बाकीच्यांची टिकते, आणि कोणती वर्तुळे बिघडली हे पाहून नेमका बिघडलेला बिट ओळखता येतो. दर १०० बिटांमागे एक बिघडवणाऱ्या मार्गावर चार उघडे बिट पाठवले तर १,००० पैकी सुमारे ३९ संदेश बिघडतात. हॅमिंगच्या सात बिटांत गुंडाळून पाठवले तर सुमारे २. जास्तीचे तीनच बिट आहेत, पण ते विचारपूर्वक निवडलेले आहेत.

पुढच्या सत्तर वर्षांचा इतिहास मोठा आहे आणि येथे त्यातले दोन-तीन धागेच पुरेत. लांब तुकड्यांचा चांगला कोड बनवणे त्या मानाने सोपे असते. पलीकडे बिघडलेल्या बिटांवरून मूळ संदेश झटपट ओळखणारा डीकोडर बनवणे कठीण असते. रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० मध्ये एमआयटीतील प्रबंधात मांडलेले एलडीपीसी कोड (हॅमिंगसारख्याच समतेच्या अटींवर, पण प्रत्येक अटीत मोजकेच बिट ठेवून बांधलेले) याच कारणाने सुमारे तीन दशके अडगळीत पडले, कारण त्यांना लागणारी आकडेमोड त्या काळच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेर होती. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये क्लॉद बेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले टर्बो कोड शॅननच्या मर्यादेजवळ पोहोचले, त्यानंतर गॅलेगर यांच्या कोडचीही आठवण झाली, आणि २००९ मध्ये तुर्कस्तानातील एर्दाल आरिकान यांनी पोलर कोड मांडले. आज ५जी मोबाइलमध्ये मुख्य माहिती एलडीपीसी कोडमधून जाते आणि नियंत्रणाचे संदेश पोलर कोडमधून. म्हणजे लांब तुकडे आणि साधा, सर्वत्र सारखा गोंगाट असेल, तर गणिताने जवळजवळ सगळे साध्य केलेले आहे. न्यूरल नेटवर्क येथे आणखी काय करणार, हा प्रश्न रास्त आहे, आणि या विषयावर लिहिणाऱ्याने तो टाळू नये असे मला वाटते.

न्यूरल नेटवर्क म्हणजे पुष्कळ आकडे आत घेऊन पुष्कळ आकडे बाहेर देणारे एक सूत्र, ज्याच्या आत हजारो किंवा लाखो बदलता येणारे गुणक असतात. उत्तर किती चुकले हे मोजायचे, त्या चुकीचा मागोवा उलट दिशेने घेत प्रत्येक गुणक किंचित सरकवायचा, आणि हे असंख्य वेळा करायचे, एवढेच त्याचे शिकणे. कोडसाठी याचा वापर करताना पाठवणाऱ्याच्या जागी एक नेटवर्क बसवतात, स्वीकारणाऱ्याच्या जागी दुसरे, आणि मध्ये संगणकानेच निर्माण केलेला गोंगाट. पहिल्याला काही बिट दिले जातात, ते त्यांचे काही आकड्यांत रूपांतर करते, त्या आकड्यांत गोंगाट मिसळला जातो आणि दुसऱ्याने मूळ बिट ओळखायचे असतात. चूक झाली की दोघांचेही गुणक सरकतात. सुरुवातीला दोघांपैकी कोणालाच काही येत नसते. चुकत चुकत दोघांमध्ये एक सामाईक बोली तयार होते.

या मांडणीत एक अट घालावीच लागते, आणि ती विसरली तर सगळा प्रयोग फुकट जातो. पाठवणाऱ्या नेटवर्कने वापरलेली एकूण ऊर्जा ठरावीकच असली पाहिजे. तशी अट नसेल तर नेटवर्क दुसरे काही न शिकता फक्त मोठ्याने ओरडायला शिकते. आकडे इतके मोठे करते की गोंगाट त्यांपुढे नगण्य ठरतो. ऊर्जेचे माप बांधून दिले की मगच त्याला शहाणपणाने बोलणे शोधावे लागते. टिमोथी ओशे आणि याकोब हॉयडिस यांनी २०१७ मध्ये हाच प्रयोग चार बिट आणि सात आकडे घेऊन केला. नेटवर्कला तीन वर्तुळांची कल्पना कोणी सांगितली नव्हती, तरी त्याने शोधलेली बोली उत्तम डीकोडर जोडलेल्या हॅमिंग कोडच्या तोडीस तोड उतरली.

हे वाचून आनंद होतो, पण चार बिटांचे एकूण संदेश सोळाच असतात. सोळा गोष्टी पाठ करणे आणि तत्त्व समजणे यांत फरक आहे. पन्नास बिटांचे संदेश २ चा ५० वा घात इतके, म्हणजे सुमारे सव्वाअकरा कोटी कोटी होतात. दर सेकंदाला दहा लाख दाखवले तरी प्रत्येक संदेश एकदाच दाखवायला ३५ वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि एकच संदेश निरनिराळ्या गोंगाटांत अनेकदा दाखवावा लागतो ते वेगळेच. त्यामुळे मूठभर उदाहरणांवरून न पाहिलेल्या सगळ्या संदेशांबद्दल शिकणे भाग पडते. २०१७ मध्येच टोबियास ग्रुबर, सेबास्टियन कॅमरर, हॉयडिस आणि स्टेफान टेन ब्रिंक यांनी डीकोडर नेटवर्कवर एक छोटा आणि फार बोलका प्रयोग केला. त्यांनी सोळा बिट लांबीचे दोन कोड घेतले, एक गणिती रचना असलेला पोलर कोड आणि दुसरा यदृच्छेने निवडलेला, आणि नेटवर्कला त्यांतील फक्त काही शब्द, म्हणजे संदेशांची कोडमधील रूपे, शिकवले. पोलर कोडच्या बाबतीत नेटवर्कला न शिकवलेले शब्दही ओळखता येऊ लागले. यदृच्छ कोडच्या बाबतीत ते जमले नाही. जिथे नियम आहे तिथेच नियम शिकता येतो. पुढचे यशस्वी काम बहुतेक सगळे याच जाणिवेतून झाले आहे, आणि म्हणूनच ‘यंत्राने स्वतःच कोड शोधला’ असे सरसकट विधान मला अपुरे वाटते. जुन्या गणिताचा सांगाडा ठेवून त्यातले मोजकेच सांधे शिकण्यासाठी मोकळे सोडायचे, अशी ही रीत आहे.

तेल अवीव विद्यापीठातील एलिया नाखमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असेच काही सांधे मोकळे केले. एलडीपीसीसारख्या कोडमध्ये डीकोडिंग होते ते निरोपांच्या देवाणघेवाणीतून: प्रत्येक बिट आपण ० की १ याविषयीचा आपला अंदाज त्याच्याशी जोडलेल्या समतेच्या अटींना कळवतो, अटी आपले मत उलट कळवतात, आणि काही फेऱ्यांनंतर सगळ्यांचे एकमत होते. पण जोडण्यांमध्ये लहान लहान वेढे असले तर गावातल्या अफवेसारखे होते. आपणच सोडलेली बातमी फिरून आपल्याच कानावर येते आणि नवा पुरावा म्हणून आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. राज चंद्र बोस आणि द्विजेंद्र कुमार रे-चौधुरी यांचे नाव लाभलेल्या बीसीएच कोडमध्ये असे वेढे फार असतात. नाखमानी यांच्या गटाने देवाणघेवाणीची पद्धत तशीच ठेवली, फक्त प्रत्येक जोडणीवर शिकता येणारे वजन ठेवले, म्हणजे कोणाचे बोलणे किती मानावे हे नेटवर्कने अनुभवावरून ठरवावे. डीकोडर सुधारला. शिवाय रचनेतील सममितीमुळे शिकवताना एकच शब्द पुरला, सगळेच बिट ० असलेला. सव्वाअकरा कोटी कोटींच्या भिंतीतून वाट निघते ती अशी.

कोडच बदलण्याचा धाडसी प्रयत्न २०२१ च्या केओ कोडमध्ये दिसतो. १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरिनर ९ यानाने आपली छायाचित्रे रीड-मुलर नावाच्या कोडमधून पाठवली होती. हा कोड झाडासारखा बांधलेला असतो. प्रत्येक फाट्यावर दोन लहान शब्द एका ठरलेल्या क्रियेने जोडून मोठा शब्द तयार होतो. अशोक मक्कुवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाड तसेच ठेवून प्रत्येक फाट्यावरची ती क्रिया छोट्या नेटवर्कच्या हवाली केली. ४६ बिटांचा संदेश ५१२ आकड्यांत पाठवणारा त्यांचा कोड त्याच मापाच्या रीड-मुलर कोडपेक्षा सरस ठरला. त्याहून मनात राहते ते वेगळेच: तयार झालेल्या शब्दांमधील अंतरांची, म्हणजे ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत याची, वाटणी शॅनन यांनी सिद्धतेत कल्पिलेल्या यदृच्छ कोडमधील वाटणीसारखी दिसली.

आता फोनवरच्या दुसऱ्या युक्तीकडे, म्हणजे ऐकणाऱ्याने काय ऐकले ते बोलणाऱ्याला कळण्याकडे, येऊ. अभियंते याला फीडबॅक म्हणतात. शॅनन यांनी १९५६ मध्ये दाखवले होते की आधीच्या गोंगाटाची स्मृती न ठेवणाऱ्या मार्गाची क्षमता फीडबॅकमुळे तसूभरही वाढत नाही. पण क्षमता वाढत नसली तरी खात्री वाढू शकते, आणि ती किती वाढते हे १९६६ मध्ये पीटर स्खाल्कवाइक आणि थॉमस कैलाथ यांनी दाखवले. कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला, आणि १९५६ मध्ये पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते एमआयटीत व तेथून पुढे स्टॅनफर्डला गेले.

त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. संपूर्ण संदेश म्हणजे एका रेषेवरचा एक बिंदू आहे असे मानावे. पाठवणारा तो बिंदू एकदा पाठवतो. गोंगाटामुळे स्वीकारणाऱ्याचा अंदाज थोडा बाजूला पडतो. फीडबॅकमुळे पाठवणाऱ्याला तो अंदाज कळतो, तेव्हा पुढच्या वेळी तो बिंदू न पाठवता फक्त अंदाजातील फरक पाठवतो, आणि तोही आपली सगळी ऊर्जा लावून मोठा करून. स्वीकारणारा तो फरक पुन्हा लहान करून आपला अंदाज दुरुस्त करतो. मोठे-लहान करण्याच्या या क्रियेत गोंगाटही लहान होतो. दर फेरीत उरलेला फरक ठरावीक पटीने आकसत जातो, आणि चुकीची शक्यता इतक्या झपाट्याने घटते की फीडबॅकशिवायच्या कोणत्याही कोडला ते शक्य नाही. उपग्रहाकडे ऊर्जा थोडी आणि पृथ्वीवरच्या केंद्राकडे भरपूर, अशा परिस्थितीत परतीचा मार्ग जवळजवळ स्वच्छ ठेवता येतो, तिथे ही कल्पना शोभते. पण परतीच्या मार्गात जरासा जरी गोंगाट शिरला तरी पाठवणाऱ्याला चुकीचा अंदाज कळतो, तो चुकीचा फरक मोठा करून पाठवतो, आणि सगळी इमारत ढासळते. आकडे अतिशय अचूक ठेवावे लागतात हीही अडचण आहेच. त्यामुळे इतकी सुंदर कल्पना पाच दशके बहुतांशी कागदावर राहिली.

२०१८ मध्ये ह्येजी किम, यिहान जियांग, श्रीराम कन्नन, सेवुंग ओह आणि प्रमोद विश्वनाथ यांनी डीपकोड मांडला तो याच प्रश्नावर. सांगाडा माणसांनी ठरवला होता. पहिल्या टप्प्यात पन्नास बिट जसेच्या तसे पाठवायचे. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक बिटासाठी आणखी दोन आकडे पाठवायचे, आणि ते काय असावेत हे आतापर्यंतच्या फीडबॅककडे पाहून, क्रमाक्रमाने स्मृती ठेवणाऱ्या नेटवर्कने ठरवायचे. अशा रीतीने शिकलेला कोड त्याच मापाच्या प्रस्थापित कोडपेक्षा हजारपट विश्वासार्ह ठरला, म्हणजे चुकणाऱ्या संदेशांचे प्रमाण हजारपट कमी झाले. परतीच्या मार्गातल्या थोड्या गोंगाटातही त्याने तग धरला. अर्थात ही तुलना फीडबॅक न वापरणाऱ्या कोडशी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही फीडबॅकच्या ज्या लाभाचे आश्वासन गणित १९६६ पासून देत होते तो व्यवहार्य लांबीच्या कोडमध्ये उतरलेला येथे दिसला.

संशोधक आकडेवारीवर थांबले नाहीत, नेटवर्क काय शिकले हे त्यांनी उघडून पाहिले, आणि मला या साऱ्या विषयातला हा सर्वांत समाधान देणारा भाग वाटतो. पहिल्या टप्प्यातील गोंगाटाने बिटाला त्याच्या योग्य दिशेनेच ढकलले असेल तर नेटवर्क दुसऱ्या टप्प्यात त्याच्याविषयी जवळजवळ गप्प राहते. चुकीच्या दिशेने ढकलले असेल तर जितके ढकलले तितक्या प्रमाणात दुरुस्ती पाठवते. ज्याने नीट ऐकले त्याला पुन्हा सांगण्यात ऊर्जा घालवायची नाही, ही फोनवरची आपलीच समज. कैलाथ-स्खाल्कवाइक पद्धतीत फरक दोन्ही दिशांनी दुरुस्त होत होता. येथे फक्त घातक दिशेने होतो. शेवटच्या काही बिटांना संरक्षण कमी मिळते हेही तपासणीत दिसले, तेव्हा शेवटी एक पूरक ० जोडून आणि जागेनुसार ऊर्जेची वाटणी बदलून माणसांनी तो दोष कमी केला.

असे असूनही हे कोड उद्या मोबाइलमध्ये येतील असे मानण्याचे कारण नाही. काही व्यवस्थांमध्ये अब्जात एकाहून जास्त चूक चालत नाही, आणि तशी खात्री प्रयोगाने द्यायची तर निदान शंभर चुका प्रत्यक्ष दिसाव्यात म्हणून १ वर ११ शून्ये इतके संदेश तपासावे लागतात. गणिती कोडच्या बाबतीत दोन शब्दांमधील किमान अंतर मोजून बरेच काही सिद्ध करता येते; शिकलेल्या कोडजवळ अशी सिद्धता सहसा नसते. नेटवर्कला लागणारी आकडेमोड चिपवर जागा घेते आणि बॅटरी खाते. गॅलेगर यांच्या कोडवरही एके काळी हाच आक्षेप होता आणि यंत्रे सुधारल्यावर तो विरला, म्हणून मी या अडचणीला पहिलीइतके मोठे मानत नाही.

फीडबॅकच्या बाबतीत एक अडचण मात्र अगदी रोजच्या व्यवहारातली आहे. डीपकोडला प्रत्येक आकड्यानंतर लगेच परतीची खबर हवी असते, आणि खऱ्या जाळ्यात संदेश गठ्ठ्यांनी जातात, खबरही गठ्ठ्यानंतरच येते. २०२२ मध्ये एमरे ओझफातुरा, डेनिझ गुंडुझ आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कोडमध्ये म्हणूनच बिटांचे लहान गट केले आहेत आणि फीडबॅक एकेका आकड्यानंतर न घेता संपूर्ण फेरीनंतर घेतला आहे. भाषेच्या मोठ्या मॉडेलमध्ये वापरली जाणारी अवधानाची रचनाच तिथे कोणत्या गटाला अजून किती दुरुस्ती लागते हे ठरवते. फोनवर आपणही प्रत्येक अक्षरानंतर थांबत नाही. पूर्ण आडनाव सांगतो, पलीकडून ते परत ऐकतो, आणि मग फक्त ‘ण’ बाणाचा एवढेच पुन्हा म्हणतो.